कॉलर

बावीस वर्षं कंपनीचा खाकी शर्ट होता.
सकाळी काय घालायचं, हा प्रश्न
माझ्या जन्मात आलाच नाही.
आता उद्यमबागेत नवे साहेब आलेत,
म्हणाले, कॉलरवाला टी-शर्ट घाला, कुठलाही,
पण नीटनेटका.
नीटनेटका म्हणजे किती रुपयांचा
ते नोटीसबोर्डावर लिहिलेलं नाही.

मी व्हॉल्व्ह तपासतो.
केसाच्या निम्म्या जाडीची चूक
अंगठ्याला आधी कळते, गेजला नंतर.
मग कापडाला कशाला भ्यायचं?

पहिलं दुकान काचेचं, कॉलेज रोडवरचं.
आत गारठा. छातीवर इवलासा प्राणी शिवलेला,
चिठ्ठीवर अठराशे नव्याण्णव.
सर, घालून तरी बघा, पोरगा म्हणाला.
घातला. आरशात
कुणाचा तरी मेहुणा उभा होता.
काढून मी नीट घडी घालून दिली,
त्यानं ती विस्कटून परत घातली.

मग खडेबाजार. दीडशेला एक, चारशेला तीन,
मेथी निवडावी तसा ढीग निवडायचा.
इथलाच एक परशराम मुचंडीकरनं नेला होता.
दोन धुण्यांत त्याची कॉलर
वाळल्या आळूच्या पानासारखी वळली
आणि बगलेखालची शिवण फिरत फिरत
बेंबीवर आली.
तो अजून घालतो. शिफ्टमध्ये आम्ही त्याला
आट्यांचा बोल्ट म्हणतो.

गणपत गल्लीच्या आतल्या बोळात रुद्राप्पा हुलबत्ते.
दुकान कसलं, जिन्याखालची जागा.
मी टी-शर्ट उलटा केला. तो काही बोलला नाही.
आतली शिवण नखानं ओढली. तरी नाही.
खांद्यावरून आडवी पट्टी गेलेली,
बटणाखाली जादा कापड,
कॉलर दुमडून सोडली तर
हाक मारल्यासारखी उठून बसली.
उजेडाला धरला,
वीणीतून बल्ब दिसला, रुद्राप्पा दिसला नाही.
एवढं झाल्यावर तो म्हणाला, "बण्ण होगल्ल."
मग माझ्याकडं बघून, "रंग जात नाही ओ."
तीनशे चाळीस. तीनशे वीसवर तुटलं.

पण रंगाचं आपल्याकडं वेगळंच असतंय.
पिवळ्याला तांबडी कॉलर, नको.
भगवा, नको, गेटवरच विचारतील आज काय आहे.
काळा मला शोभतो, वैजू म्हणते,
पण एक नोव्हेंबरला चुकून अंगात असला
तर चहाच्या गाड्यावर
माझ्याआधी माझा टी-शर्ट बोलायला लागायचा.
मी राखाडीवर बोट ठेवलं.
"सगळे हाच नेतात," रुद्राप्पा म्हणाला,
आणि तेव्हा मला दिसलं,
त्याच्याही अंगात तोच होता.

रात्री वैजूनं बाही बादलीत बुडवली,
चिमूटभर मीठ टाकलं, स्टूल ओढून बसली.
पाणी पाण्याच्याच रंगाचं राहिलं.
तरी म्हणाली, बघू, उन्हात काय करतोय.

उन्हात काही केलं नाही त्यानं.
ग्रीसचा एक डाग सोडला तर
आठ महिने झाले, शिवण जागच्या जागी.
म्हणून दुसरा आणायला गेलो
तर दुकानच सापडेना.
बोळातल्या सगळ्या पाट्या नव्या रंगवलेल्या,
वरची अक्षरं मोठी, खालची बारीक,
जुन्या पाटीच्या खुणेनं चालणारा मी
दोनदा बोळ पार करून गटारापाशी पोचलो.
तिसऱ्यांदा हँगर दिसला,
वाऱ्यानं हलणारा राखाडी,
कॉलर ताठ.

खाली वाकून आत शिरलो.
"एरडु कोडरी," मी म्हणालो,
कुठून आलं तोंडात कुणास ठाऊक.
रुद्राप्पानं चष्मा वर केला.
"एल साइज," तो म्हणाला,
"आणि राखाडीच की ओ?"